साक्षीदाराची सही

"अहो, तुमचं दूध उतू चाललंय!"

स्वारगेटच्या सिग्नलला मी हे ओरडले, तेव्हा माझ्या मते मी परोपकार करत होते. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, सगळ्यांच्या अंगावर एकमेकांच्या चाकांचा चिखल, आणि माझ्या शेजारच्या स्कूटरवर पायांच्या मधोमध एक जाडजूड कॅन. त्याच्या झाकणाखालून पांढरीशुभ्र वाफ बाहेर पडून रस्त्यावर सांडत होती.

त्यानं मान वळवली. रेनकोटच्या टोपीवरून थेंब ओघळत होते आणि त्याखालचे डोळे अगदी गंभीर होते.

"दूध नाही, ताई," तो म्हणाला. "रेडे आहेत. दीडशे."

सिग्नल हिरवा झाला आणि तो निघूनही गेला. मी तिथेच. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी करेपर्यंत मी हललेच नाही. कारण मला कळलं होतं. ती वाफ दुधाची नव्हती, द्रवरूप नायट्रोजनची होती. त्या कॅनमध्ये दीडशे रेड्यांचं गोठवलेलं वीर्य होतं. आणि हे मला कळायलाच हवं होतं, कारण मी त्याच वाफेत रोज हात घालून पोट भरते!

मी नीरजा दामले. सदाशिव पेठेतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात भ्रूणतज्ज्ञ आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ घालून द्यायची, पाच दिवस त्या जिवाला सांभाळायचं आणि मग आईच्या ओटीत टाकायचं, हे माझं काम. माझे बाबा याला 'लग्न लावायचं दुकान' म्हणतात. "सगळ्यांची लावून झाली की आपलंही बघ," हेही ओघानं येतंच.

आणि 'ताई' म्हणाला तो मला! ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तनुजा मॅडम एका माणसाला घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या. केंद्र त्यांचंच. मॅडमचा हात हलका आणि जीभ धारदार. "हे डॉक्टर रणजित कोंढरे. गुरांचे डॉक्टर आहेत. म्हशींचे गर्भ तयार करतात. माणसांचे कसे होतात ते बघायला तीन महिने आपल्याकडे आहेत. म्हशींपेक्षा फार वेगळं काही दिसेल अशी मी त्यांना आशा लावलेली नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मास्क नाकावर ओढला, पण उशीर झाला होता.

"दूध आणलं का?" मीच विचारून टाकलं. हल्ला हा उत्तम बचाव.

"उतू गेलं," तो म्हणाला. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. मास्कमागे तो हसत होता.

आमच्या प्रयोगशाळेत उजेड मंद असतो आणि वास अजिबात नसतो. अत्तर नाही, गजरा नाही, सुवासिक साबणसुद्धा नाही. इवल्याशा जिवांना ते सोसत नाही. गेली सहा वर्षं मी मोगरा माळलेला नाही. पण आमचा सगळ्यात कडक नियम वासाचा नाही, नावाचा आहे. कुठल्याही जोडप्याचं काहीही एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घालायचं असेल तर तिथे दोन माणसं हवीत. एकजण काम करतो, दुसरा साक्षीदार. काम करणाऱ्यानं डिशवरचं बाईचं नाव आणि ट्यूबवरचं नवऱ्याचं नाव मोठ्यानं वाचायचं. साक्षीदारानं ते कागदाशी ताडून पाहायचं, 'बरोबर' म्हणायचं आणि सही करायची. जरा जरी शंका आली तर साक्षीदार म्हणतो, 'थांबा.' तो शब्द उच्चारला की ओट्यावरचे सगळे हात वर. कुणाची बाळं कुणाच्या घरी जाऊ नयेत म्हणून हा सगळा खटाटोप.

तर साक्षीदारानं सुरुवात करून देताना म्हणायचं असतं, 'नाव घ्या.' हा शब्द कुणी आणला कोण जाणे, पण आमच्याकडे तोच रूढ आहे.

रणजितची पहिली वेळ होती. त्याला नुसतं बघायला उभं केलं होतं, पण मला गंमत करायची लहर आली. मी डिश त्याच्यासमोर धरली. "नाव घ्या."

तो गोंधळला. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या टोपीखालूनही दिसल्या. "माझं… माझं लग्न कुठं झालंय अजून?"

आमची सगळी प्रयोगशाळा हसली. आणि ही माहिती माझ्या नेमकी लक्षात राहिली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानं पुढे त्याचा सूड घेतला. चहाच्या सुट्टीत मी सहज विचारलं की तुमच्याकडे एवढी काळजी घेतात का हो, तर हा कप खाली ठेवून, घसा खाकरून उभाच राहिला.

"कात्रजच्या घाटात पडलं धुकं गार,
सुलतानचं नाव घेतो, म्हशी फळल्या चार."

सुलतान हा त्याचा लाडका रेडा. मी चहा ओढणीवर सांडला.

कात्रजच्या पलीकडे त्याचं गाव. गाव म्हणजे आता पुणंच, पण त्याच्या घरी अजून अकरा म्हशी आहेत. बोलताना तो अगदी शुद्ध बोलायचा. फक्त काही फार आवडलं किंवा आत कुठेतरी हललं, की गावची बोली बाहेर यायची. पहिल्यांदा माणसाचा चार पेशींचा गर्भ त्याला मायक्रोस्कोपखाली दाखवला तेव्हा तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काय हाय ओ हे…"

त्या दिवसापासून मी तो 'हाय' ऐकायला टपून बसायला लागले. नवं काही दिसलं की आधी त्याला बोलवायचे. त्याला बघू द्यायचं आणि आपण त्याला बघायचं. वेडेपणाच, पण सांगितलं कुणाला!

एकदा माझी स्कूटी बंद पडली आणि त्यानं मला घरी सोडलं. पायांमध्ये ते कॅन, मागे मी. बाबा गॅलरीत उभे होते. माझे बाबा दीनानाथ दामले, निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यात कुणाचं सरळ कौतुक केलं नाही.

"काय आहे त्या कॅनमध्ये?" त्यांनी वरूनच विचारलं.

"रेडे," मी म्हणाले.

"तरीच. माणसं इतक्या वेळेवर आणून सोडत नाहीत." आणि मग जरा थांबून, "त्यांना चहा विचारलास का?"

हे आमच्या घरचं प्रेम. 'काळजी वाटते' असं आम्ही म्हणत नाही, 'छत्री विसरलीस वाटतं' असं म्हणतो. आईबाबांनी चाळीस वर्षांत एकमेकांना काही गोड म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी त्याच घरातली. दिवसभर दुसऱ्यांच्या जोड्यांची नावं खणखणीत आवाजात घेते, आणि स्वतःच्या मनातलं एक नाव मात्र…

डिसेंबरात एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. "तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. घराबाहेर अजून कुणाला दाखवलं नाही."

पडद्यावर म्हशीचा गर्भ होता, आठव्या दिवसाचा. काचेच्या गोटीसारखा, भोवती पारदर्शक कवच. मला हे रोजचंच. कवच पातळ होत गेलं, एका जागी चिरलं, आणि आतला जीव त्या फटीतून हळूहळू बाहेर यायला लागला. आधी थोडा, मग अर्धा, मग सगळाच्या सगळा. मागे रिकामं कवच राहिलं. गर्भाशयात रुजण्याआधी प्रत्येक जिवाला हे करावंच लागतं. तुम्ही केलंय, मी केलंय.

"आता बघा," तो म्हणाला. "आता मी इथं शुक्राणू सोडलेत."

"आता?" मी हसले. "लग्न लागून आठ दिवस झाले. आता कशाला वऱ्हाड?"

"पंगत चुकली असंल त्यांची. बघा तर."

ते आले. शेपट्या हलवत, इकडेतिकडे भरकटत. शर्यत केव्हाच संपलेली, जिंकणारा जिंकून गेलेला, तिथे आता मिळवण्यासारखं काहीच नव्हतं. तरी एक आला आणि त्या उघड्या गर्भाला डोकं लावून चिकटला. मग दुसरा. मग पाचसहा. शेपट्या हलतच होत्या. आणि तो गर्भ, तो इवला गोळा, अगदी सावकाश… वळायला लागला.

मी पडद्यावर आणखी वाकले. "ढकलतायत का ते त्याला?"

"ढकलतायत… का झुलवतायत… का नुसतेच चिकटलेत. तिसरंच असू शकतं. शास्त्र म्हणून अजून एक ओळ लिहायची माझी हिंमत नाही." तो पडद्याकडेच पाहत होता. "शुक्राणूचं काम बीजापर्यंत पोचलं की संपलं, असं शिकलो आपण. मी माझ्या वडलांना, आप्पांना, ही फिल्म दाखवली. शाळा चौथीपर्यंतची त्यांची. ते म्हणाले, बापाचं काम एवढ्यात संपतंय व्हय रं? तेव्हापासून झोप नाही मला."

मला रडू आलं. खरंच आलं. सहा वर्षांत हजारो गर्भ पाहिले असतील, पण हे पाहिलं नव्हतं. एवढ्या लहान जगात, जिथे कुणाला डोळे नाहीत, मन नाही, तिथेही कुणीतरी काम संपल्यावर परत येतं आणि हात लावून पाहतं… त्याला काय म्हणायचं?

"आणि गंमत सांगू का?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "गर्भ अर्धा बापाचा. म्हणजे आईच्या शरीराला तो अर्धा परकाच. खरं तर तिनं त्याला हाकलायला पाहिजे. पण ती जागा देते. का देते, ते पुरतं कुणालाच माहीत नाही. काहीजण म्हणतात, त्या परक्याची तिच्या शरीराला आधीपासून ओळख झालेली असते. म्हणून दार उघडतं."

"म्हणजे तिथेही ओळखीनंच कामं होतात," मी डोळे पुसत म्हणाले.

"पुण्यातच शोध लागला असणार."

आम्ही दोघं हसलो. लॅपटॉप मिटताना त्याचा हात माझ्या हाताशी आला आणि एक क्षण… नाही, दोन क्षण… तिथेच राहिला. मग त्यानं तो काढून डब्याचं झाकण लावलं, जे आधीच लागलेलं होतं.

जानेवारी उजाडला. त्याचे तीन महिने चौदा तारखेला संपत होते. हरियाणातल्या एका मोठ्या संशोधन केंद्रात त्याची निवड झाली होती. होकार की नकार ते त्याच चौदा तारखेला, मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. हे त्यानं मला जिन्यात उभं राहून सांगितलं.

"वा! छानच की," मी म्हणाले.

"छान आहे," तो म्हणाला. "थंडी फार असते म्हणतात."

"मग स्वेटर न्या."

दामल्यांची लेक शोभते! घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

आणि नऊ तारखेला, गुरुवारी, ते घडलं.

त्या दिवशी शालूताईंची पाळी होती. आंबेगावच्या शालू आणि आनंद बेलदरे. लग्नाला बारा वर्षं, हा चौथा प्रयत्न आणि दोघांनी ठरवून टाकलेलं, की शेवटचा. आनंद शाळेची व्हॅन चालवतात. दिवसभर दुसऱ्यांची पोरं पोचवायची आणि रिकामी गाडी घेऊन घरी यायचं, असं ते एकदा हसत म्हणाले होते. शालूताईंची पाच बीजं डिशमध्ये होती. माझ्या हातात आनंद यांची ट्यूब. समोर साक्षीदार म्हणून रणजित. एव्हाना तो परीक्षा देऊन रीतसर साक्षीदार झाला होता.

"नाव घ्या," तो म्हणाला.

मी डिशवरचं वाचलं. "शालू आनंद बेलदरे." मग ट्यूब उजेडात धरली. नाव डोळ्यांसमोर होतं, ठसठशीत अक्षरात. आणि मी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "पती, रणजित."

ट्यूब अजून उजेडातच धरलेली होती.

त्याचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते. त्यात काय काय येऊन गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण तो साक्षीदार होता. त्यानं एकच शब्द उच्चारला.

"थांबा."

आमचे दोघांचेही हात वर गेले.

मॅडम आल्या. सगळं पहिल्यापासून तपासलं, तीनदा. डिश बरोबर होती, ट्यूब बरोबर होती, एक थेंबही इकडचा तिकडे झाला नव्हता. चुकली होती ती फक्त माझी जीभ. उरलेलं काम मॅडमनी स्वतः केलं आणि नंतर मला खोलीत बोलावून चुकांची नोंदवही पुढ्यात टाकली. त्यात रकाने आहेत. काय घडलं. कारण. पुन्हा घडू नये म्हणून उपाय. साक्षीदाराची सही.

"'नजरचूक' लिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "नजर बरोबर होती. 'थकवा' लिहिलात तर मी रजा देईन, आणि ती या आठवड्यात तुम्हाला नकोच आहे. खरं कारण लिहा. बाहेर एक बाई बारा वर्षं थांबली आहे, तिच्यासाठी लिहा."

माझ्या कानांतून वाफा येत होत्या. मी लिहिलं, 'मनात दुसरं नाव होतं.'

मॅडमनी वाचलं. चेहरा ढिम्म. "आणि उपाय?"

"उपाय… मला सुचत नाहीये, मॅडम."

"उपायाशिवाय नोंद बंद होत नाही. मंगळवारी गर्भ आत जाईल, तोपर्यंत भरा. साक्षीदाराची सही त्यानंतर. आणि तोवर तुम्ही ट्यूबला हात लावायचा नाही, फक्त सांभाळायचं."

तर मी सांभाळत राहिले. शुक्रवारी सकाळी पाहिलं, पाचपैकी तीन बीजं फळली होती. प्रत्येकात दोन इवली वर्तुळं शेजारी शेजारी, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. ती काही तासच दिसतात. मग पुसली जातात, आणि त्यानंतर कुणालाही त्यांना वेगळं करता येत नाही. मी ते पुष्कळ वेळ पाहत बसले.

शनिवारी चार पेशी झाल्या. रणजित माझ्या शेजारी उभा होता. "परवा तुम्ही…" तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. ट्यूब बरोबर होती, एवढंच." आणि निघून गेला.

रविवारी त्या तिघांपैकी एक गर्भ वाढायचा थांबला. सोमवारी दुसरा. उरलेल्या एकाच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून तुतीच्या फळासारख्या झाल्या होत्या. बारा वर्षं, चार प्रयत्न आणि हा एक ठिपका. मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलायला लागले होते. बाबा रे, तुझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे. माझ्याकडेही तेवढाच. बघू कोण आधी बाहेर येतं ते.

मंगळवारी संक्रांत होती. मॅडमनी सकाळीच सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला असं मी म्हणणार नाही, जमेल तेवढंच बोला," म्हणाल्या. माझ्या हातावर मात्र दोन वड्या ठेवल्या.

साडेअकराला मी पडदा सुरू केला आणि हाक मारली, "डॉक्टर कोंढरे, या लवकर!"

तो धावत आला. शालूताईंचा ठिपका आता टपोरा झाला होता, आणि कवच एका जागी… हो, चिरलेलं होतं. त्या फटीतून एक गोल फुगवटा डोकावत होता. आतून कुणीतरी दार ढकलत होतं. कुणी शिकवलं नाही, सांगितलं नाही, आणि तरी त्याला ठाऊक होतं की आता निघायचं.

रणजितनं ओट्याची कड धरली. "निघालं ओ…" तो कुजबुजला. "कसं कळतंय त्याला? काय हाय हे, नीरजा? काय हाय?"

मला नुसतं 'नीरजा' म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र पडद्याकडे बघते आहे असं दाखवत उभी राहिले.

एक वाजता शालूताई टेबलावर होत्या. आनंद त्यांच्या उशाशी, हिरव्या टोपीत, हात हातात. रोपणाच्या आधी बाईनं स्वतः आपलं आणि नवऱ्याचं नाव सांगायचं असतं. ही शेवटची पडताळणी.

"पूर्ण नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. "आणि यांचं."

शालूताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. ओठ थरथरत होते, पण हसत होते.

"कात्रजच्या वळणावर गाडी यांची दमली नाही,
आनंदरावांचं नाव घेते, आस अजून सोडली नाही."

आनंद यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मॅडमनी घसा साफ केला. "फाइलवर 'राव' नाही," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

मी वाचलं, रणजितनं 'बरोबर' म्हटलं. मॅडमनी बारीक नळी अलगद आत नेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला आणि स्थिरावला.

"ते… तेच का?" आनंद यांनी विचारलं.

"तोच," मी म्हणाले. खरं तर दिसतो तो त्याच्यासोबतचा हवेचा बुडबुडा. पण तो तिथेच होता, त्या बुडबुड्याच्या शेजारी, आपल्या अर्ध्या कवचातून बाहेर येत.

चार वाजता मी नोंदवही उघडली. उपायाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला आता ठाऊक होतं. लिहिलं, शाई वाळू दिली, आणि सहीसाठी साक्षीदाराला शोधायला निघाले. तो प्रयोगशाळेत नव्हता. चहाच्या खोलीत नव्हता. खिडकीतून पाहिलं तर त्याची स्कूटर अजून खाली उभी. साडेचार झाले होते. मी जिन्याकडे धावले. तो एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात ते कॅन घेऊन पायऱ्या उतरत होता. पाचवी, सहावी, सातवी…

माझ्या तोंडून एकच शब्द फुटला.

"थांबा!"

तीन महिन्यांची सवय! त्यानं कॅन झटक्यात पायरीवर टेकवलं, हेल्मेट सोडून दिलं आणि दोन्ही हात वर केले. हेल्मेट टणटण करत थेट खालच्या मजल्यावर गेलं. एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या दारातून डोकावले, हात वर केलेल्या माणसाला पाहून "चालू द्या" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

"काय चुकलं?" रणजितनं विचारलं. हात वरच.

"नोंद अपुरी आहे." मी उतरून त्याच्यासमोर वही धरली. "तुमची सही राहिली."

त्यानं हात खाली केले आणि वाचलं. आधी कारण. ते तो पुन्हा पुन्हा वाचत होता बहुतेक, कारण नजर तिथून हलेचना. मग उपाय. मी लिहिलं होतं, 'ते नाव एकदा योग्य माणसासमोर मोठ्याने घेणे.'

त्यानं पेन घेतलं नाही. "सही उपाय अमलात आल्यावर करतात," तो म्हणाला. "नियम आहे. तुम्हीच शिकवला." आणि मग अगदी हळू, "नाव घ्या."

खाली टिळक रस्त्याच्या दिशेनं हॉर्न वाजत होते. कॅनच्या झाकणाखालून थोडी पांढरी वाफ निघून आमच्या पावलांवरून ओघळत होती. दामल्यांच्या सात पिढ्यांत कुणी हे केलं नसेल.

"पाच दिवसांनी ठिपक्याचं कवच आपसूक फुटलं… रणजितचं नाव… माझ्या ओठांतून सुटलं."

तो पायरीवर मटकन बसला. मीही त्याच्या शेजारी बसले.

"दोन पत्रं लिहून ठेवली होती," तो म्हणाला. "एक होकाराचं, एक नकाराचं. कुठलं पाठवायचं ते घरी जाऊन ठरवणार होतो."

"मग मला विचारायचं ना, शहाण्या माणसा! पाच दिवस!"

"साक्षीदारानं आधी बोलायचं नसतं." तो हसत होता आणि डोळे भरले होते. "चुकलं तर थांबा म्हणायचं, एवढंच. आणि तुम्ही चुकला नव्हतात असं वाटत होतं मला. म्हणून गप हाय."

"हाय?" मी म्हणाले.

"हाय," तो म्हणाला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि या वेळी कुठल्याही झाकणाची आठवण काढली नाही. खिशातून फोन काढून नकाराचं पत्र पाठवलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

मग त्यानं सही केली. लफ्फेदार, रकान्याबाहेर जाणारी.

"रुजेल ना ओ ते?" वरच्या मजल्याकडे बघत त्यानं विचारलं. शालूताई अजून तिथेच विसावल्या होत्या.

"पंधरा दिवसांनी कळेल. आपल्या हातात काही नाही आता," मी म्हणाले. "ओळख मात्र झाली आहे."

वही मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी खाली लाल शाईत शेरा मारला होता, 'उपाय समाधानकारक. नोंद बंद. हेल्मेटची भरपाई केंद्र करणार नाही.'

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही चेपलेलं हेल्मेट घेऊन खाली उतरलो. त्यानं कॅन स्कूटरवर पायांच्या मधोमध नीट ठेवलं आणि मला मागे बसायची खूण केली.

"कुणी विचारलं तर दीडशे साक्षीदार आहेत आपल्याकडे," तो म्हणाला. "चला, ताई."

मी त्याला चिमटा काढला, आणि तो चांगला ओरडला.